बॅकअप पंप चालतो पण बेसमेंटमधलं पाणी उतरत नाही: बॅटरी बदलावी की पंप?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलं, बेसमेंटमधल्या बॅकअप संप पंपाचा (लाईट गेली की बॅटरीवर चालून खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा) डबा अधूनमधून बीप करतो, आणि परवाच्या वादळात लाईट गेली तेव्हा पंपाचा आवाज येत होता पण खड्ड्यातलं पाणी काही खाली जाईना. लगेच काही विकत आणू नका. मला यात दोन वेगळे बिघाड दिसतात. बीप बहुतेक बॅटरीची आहे. आवाज येऊनही पाणी न उतरणं हे बहुतेक पाईपातलं दुखणं आहे, आणि ते नवी बॅटरी आणून जाणार नाही.

आधी माझा अनुभव सांगतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचा उरलेला पाऊस आपल्या भागावर कोसळला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पाऊस मोजला गेला, यावरून जोर लक्षात येईल. आमची लाईट गेली, बॅकअप पंप सुरू झाला आणि वीसेक मिनिटांत बंद पडला. बॅटरी सहा वर्षांची होती. चार्जरवरचा हिरवा दिवा मात्र संध्याकाळपर्यंत व्यवस्थित जळत होता. सकाळी आईच्या दोन पैठण्या आणि लग्नाचे अल्बम पाण्यातून काढले. त्या हिरव्या दिव्यावर मी पुन्हा कधी विसंबलो नाही, आणि तुम्हीही विसंबू नका.

चार्जर लावलेला असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्टच्या आसपास दिसतात. तो आकडा चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे. म्हणून चार्जर काढा, दोन-तीन तास थांबा आणि मग मल्टीमीटर लावा. चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. रात्रभर चार्ज करूनही १२.२ च्या खाली येत असेल तर तिचा भरवसा नाही. १२.६ आले तरी परीक्षा संपली नाही: पंप चालू करून मोजा. चालत्या पंपावर व्होल्टेज झरझर ११ कडे घसरलं तर बॅटरी आतून संपलेली आहे. अशा बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात. जुन्या मालकाने कधी बसवली हे बॅटरीवरच्या तारखेवरून कळेल.

गावी इन्व्हर्टर असेल तर पुढचं तुम्हाला नवं नाही. झाकणं असलेली बॅटरी असेल तर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही. प्लेटा बुडलेल्या हव्यात, काठोकाठ भरायचं नाही. सीलबंद एजीएम बॅटरी असेल तर ही कटकट नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी चार्जरचा प्लग काढा, मग निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, सेलची झाकणं मात्र घट्ट बंद ठेवून. हातमोजे आणि चष्मा घाला. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ज्योत नको आणि बॅटरी बंद कपाटात नको. नवी घ्याल तेव्हा डीप सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा बरीच उतरून परत चार्ज होण्यासाठी बनवलेली, घ्या. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली असते. तासन्‌तास पंप ओढून पूर्ण उतरली की मोजक्याच वेळांत बाद होते.

आता पाणी का उतरत नाही ते. खड्ड्यात हात घालण्याआधी दोन्ही पंपांची, म्हणजे घरच्या विजेवरच्या मुख्य पंपाची आणि बॅकअपची, वीज तोडा, बॅकअपची बॅटरीसुद्धा. पंपाच्या लगेच वर, चेक व्हॉल्वच्या (वर गेलेलं पाणी परत येऊ न देणाऱ्या झडपेच्या) खाली, पाईपाला एक बारीक भोक असतं. पंपात अडकलेली हवा त्यातून निघते. ते गाळाने बुजलं की पंप नुसता हवेत फिरतो, आवाज येतो आणि पाणी चढत नाही. पंप चालताना त्या भोकातून खड्ड्यात पिचकारी उडते, ती गळती समजून कुणी इपॉक्सी लावून बंद केलेलं मी स्वतः पाहिलंय. तारेने ते मोकळं करा.

तरी फरक नाही पडला तर चेक व्हॉल्व बघा. दोन्ही पंप पुढे एकाच पाईपात सोडलेले असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र चेक व्हॉल्व लागतो. मुख्य पंपाचा नसेल किंवा उघडा अडकला असेल तर बॅकअप पंपाने उपसलेलं पाणी मुख्य पंपातून परत खड्ड्यातच पडतं. तुमच्या वर्णनाशी हे सगळ्यात जास्त जुळतं. त्याशिवाय तळाच्या जाळीत खडे, व्हॉल्ववरचा बाण उलटा, बाहेरच्या तोंडाशी पाला किंवा थंडीत बर्फ, हेही तपासा. कुणी बॅटरीच्या वायरी उलट्या जोडल्या असतील तर काही पंप उलटे फिरतात आणि जेमतेम पाणी ढकलतात.

दुरुस्ती झाली की खरी चाचणी घ्या. मुख्य पंपाचा प्लग काढा आणि खड्ड्यात पाच-पाच गॅलनच्या बादल्या ओतत राहा. बॅकअपचा फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच) मुख्य फ्लोटच्या वर असतो, त्यामुळे एका बादलीत भागणार नाही. फ्लोट वायरीत किंवा भिंतीला अडकत नाही ना, पाणी खरंच बाहेर अंगणात पडतं ना, हे जाऊन डोळ्यांनी बघा. मग प्लग परत लावायला विसरू नका. मी हे दर तीन महिन्यांनी करतो.

जोरदार पावसात अजून एक मोजा. १८ इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे सुमारे १.१ गॅलन. पंप बंद असताना मिनिटाला किती इंच चढतं ते घड्याळ लावून बघितलं की तासाला किती उपसायचंय हे कळतं. असे पंप साधारण १० ते १५ अँपिअर ओढतात. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी सलग चालवली तर हिशेबाने पाच ते साडेसात तास, जुनी झाली की त्याहून बरीच कमी. २०१२ च्या सँडीत इथे कित्येक घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तेवढ्यासाठी जनरेटरच लागेल, आणि तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये चालवला तर कार्बन मोनॉक्साईडने माणसं मरतात.

आणि पाणी भिंतीवरच्या प्लगपर्यंत चढलेलं असेल तर वीज तोडल्याशिवाय खाली उतरू नका, कितीही मौल्यवान वस्तू तिथे असली तरी.

घराच्या साध्या विम्यात संप पंप बंद पडून झालेलं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी ‘वॉटर बॅकअप’ नावाचं वेगळं कलम जोडावं लागतं, आणि बाहेरून आलेल्या पुरासाठी वेगळी पॉलिसी. मला हे इडानंतर कळलं. तुमच्या पॉलिसीत ते कलम आहे का, आज संध्याकाळीच बघा.