अमेरिकेतल्या मूळ रहिवासी टोळ्यांचा प्रमुख पोव्हाटन खरंच राजा होता का? बाकीच्या टोळ्या त्याचं सगळं ऐकायच्या का?

ऐकायच्या, पण सगळ्या नाही आणि सगळं नाही. इंग्रज 1607 ला जेम्सटाऊनला उतरले तेव्हा व्हर्जिनियाच्या किनारपट्टीवरच्या तिसेक टोळ्या पोव्हाटनच्या (खरं नाव वाहुनसेनाका) अंमलाखाली होत्या, त्यातल्या सहाच्या आसपास त्याला वारशाने मिळालेल्या, बाकीच्या त्याने लढून नाहीतर धाक दाखवून जोडल्या. प्रत्येक टोळीचा आपला प्रमुख असायचा, त्याला वेरोअन्स म्हणायचे, बाई असली तर वेरोअन्सक्वा. हे लोक वर मका, हरणाची कातडी, मोती, तांबं अशी खंडणी पाठवायचे. काही ठिकाणी पोव्हाटनने स्वतःची मुलंच प्रमुख म्हणून बसवली होती, म्हणजे नुसती मैत्रीची युती म्हणणंही चूकच.

पण चिकाहॉमिनी टोळी बघा. पोव्हाटनच्या मुलखाच्या अगदी मधोमध राहायचे तरी त्याने नेमलेला प्रमुख त्यांनी कधी घेतला नाही, त्यांचा कारभार आठ वडीलधाऱ्यांची सभा बघायची, आणि 1614 ला त्यांनी इंग्रजांशी परस्पर तह केला. कडेच्या टोळ्यांवर तर पकड अजूनच सैल. पोटोमॅक नदीवरच्या पटोवोमेक लोकांच्या एका प्रमुखानेच 1613 मध्ये पोकाहॉन्टसला, म्हणजे पोव्हाटनच्या मुलीला, इंग्रजांच्या हाती दिलं आणि बदल्यात तांब्याचं भांडं घेतलं. आता तांबं तिकडे मानाची वस्तू, ती वाटणं हा पोव्हाटनच्या वजनाचा मोठा भाग होता आणि इंग्रज ते बोटी भरून आणायला लागले, त्याने त्याचं किती नुकसान झालं असेल ते मला फार महत्त्वाचं वाटतं, लढायांइतकंच.

पोव्हाटनचा 1608 चा राज्याभिषेक जरूर वाचा. लंडनहून मुकुट आला, त्याला जेम्सटाऊनला बोलावलं, तो गेलाच नाही, म्हणाला मीही राजा आहे आणि ही माझी जमीन आहे. शेवटी इंग्रजच वेरोवोकोमोकोला त्याच्या गावी गेले, तिथेही तो गुडघे टेकेना, मग खांदे दाबून जरासा वाकवला आणि मुकुट ठेवला. इंग्रजांच्या मते तो आता त्यांच्या राजाचा मांडलिक, त्याला तसं वाटल्याचं पुढच्या वागण्यात कुठेच दिसत नाही.

वारसाहक्क आईच्या बाजूने चालायचा म्हणून 1618 ला तो वारल्यावर मुलगा नाही तर भाऊ ओपिचापाम आला, मग ओपेचांकनो. या ओपेचांकनोने 1622 मध्ये एकाच दिवशी हल्ले करून 347 इंग्रज मारले, म्हणजे एवढ्या टोळ्यांमध्ये ताळमेळ नक्कीच होता, पण पटोवोमेक तेव्हाही बाजूलाच राहिले.

पुढे 1677 च्या तहात इंग्रजांनी पामंकी टोळीची राणी कॉकाकोएस्के हिच्याखाली बऱ्याच टोळ्या कागदावर घातल्या, तिलाही ते हवंच होतं, पण चिकाहॉमिनी आणि रॅपाहॅनॉक लोकांनी तिला खंडणी द्यायला साफ नकार दिला.