सत्तर वर्षांचं कुणी सांगत नाही

"ताई, माझ्यासाठी देवाची योजना आहे असं सगळे म्हणतात. मग ती मलाच का दिसत नाही?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. नोकरी न लागलेली पोरं विचारतात, लग्न मोडलेली मुलगी विचारते, निवृत्त झालेले सरही विचारतात. प्रश्नाच्या पोटात बहुतेकदा दुसराच प्रश्न असतो: माझाच विश्वास कमी पडतोय का? अशा वेळी मला फिटरभाऊ आठवतात. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

फिटरभाऊ मूळचे नगर जिल्ह्यातले, गोव्यात वास्कोला पंचवीस वर्षं काढलेली. काम बार्जच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीच्या, इंजिनावर. मांडवी-झुवारीतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे न्यायचं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांनी तग धरला. देव परीक्षा घेतोय म्हणाले, आणि काम पुन्हा सुरू झालंही. पण सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्च 2018 मध्ये सगळं परत थांबलं. बार्जेस नांगर टाकून नदीत गंजू लागल्या आणि हे घरात.

2019 च्या पावसाळ्यात बायकोने त्यांना माझ्याकडे आणलं. "जेवतात अन् छताकडं बघत बसतात," ती म्हणाली. भाऊ छत्रीची मूठ फिरवत बसले होते. मग एकदम म्हणाले, "शटडाऊन झालेल्या इंजिनाला कोणी विचारत नाही, मॅडम."

आणि इथे मी चुकले. माणूस कामाचा आहे, काम गेलंय, तर काम शोधू, असा सरळ हिशेब केला. ओळखीची दोन वर्कशॉप्स सांगितली, अर्ज कसा करायचा तेही सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि तीन आठवडे फिरकले नाहीत. ज्याला आपण कोण हेच उमगेनासं झालंय, त्याच्या हातात मी अर्जाचा नमुना दिला होता!

पुन्हा आले ते एकटे. तेव्हा मी आधी झोप, भूक, दारू, सगळं विचारलं. शेवटी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? "जीव द्यायचा नाही. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं." हे ऐकल्यावर नुसत्या गप्पांवर भागणार नव्हतं. त्यांना बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवलं, पहिल्या वेळी बायकोबरोबर मीही गेले. गोळ्या लिहून दिल्या तर म्हणाले, "गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं नाही का होत?" मी म्हटलं, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्यच होता ना? पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, "तू प्रार्थनाच कर, औषधाचं सोड" असं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. पहिल्यांदा किंचित हसले. गोळ्या सुरू झाल्या. झोप यायला लागली, मग कुठे बोलणं सुरू झालं.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, माहेर नगरकडचंच. पण समुपदेशकाच्या खुर्चीत बसले की मी पाळक नसते. समोरच्याने वचन काढलं तरच मी त्यावर बोलते. भाऊंनी ते काढलं. घरातल्या भिंतीवर दिनदर्शिकेत बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन होतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो, ते. "रोज बघतो. रोज वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे." त्यात प्रार्थनासभेत एकाने त्यांना सांगितलं होतं, सहा महिन्यांत खाणी सुरू होतील, प्रभूने मला दाखवलंय. सहा महिने उलटले, तेव्हा मनात आलं, माझ्यातच खोट असणार.

मी विचारलं, "दहावं वचन वाचलंय?"

नव्हतं वाचलं. कुणीच वाचत नाही, कारण ते दिनदर्शिकेवर छापत नाहीत. दहाव्यात सत्तर वर्षं लिहिलीत. यरुशलेमेतून बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेलं ते पत्र आहे: सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. ज्यांच्या हाती पत्र पडलं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला आपण परत जाणार नाही हे तेव्हाच कळलं असणार. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगतो. लोकांना तोच आवडला असेल. यिर्मया त्याला खोटं म्हणतो. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या प्रार्थनासभेत हनन्या होता."

त्यांना मी घरचा अभ्यास म्हणून पाचव्या ते सातव्या वचनावर बोट ठेवायला सांगितलं. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं खा. ज्या नगरात नेलंय त्याचं हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा. तिथे 'हित' म्हणून जो मूळ हिब्रू शब्द आहे, तो शालोम. नुसती शांतता नव्हे, पुरेपण. काही तुटलेलं-उणं न राहणं. सातव्या वचनात तो तीनदा येतो, आणि अकराव्यातल्या हिताच्या संकल्पांतही तोच. नगराच्या शालोममध्ये तुमचं शालोम. यिर्मया दोन्ही वेगळं काढतच नाही. भाऊ मात्र आपलं पुरेपण बार्जवर ठेवून आले होते आणि बार्ज सुटण्याची वाट बघत होते. पंचवीस वर्षं वास्कोत राहूनही ते "इथं काय, परक्या गावात" असंच बोलायचे. कोकणीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कळायची, पण प्रार्थना मराठीतच उमटायची. मी सहज म्हटलं, फादर स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये याच गोव्यात, रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. म्हणजे मराठीतला येशू तुमच्या आधी जवळजवळ चारशे वर्षं इथे आलाय. "मग मीच उशिरा आलो म्हणा," ते म्हणाले.

बायकोने मात्र वचन शब्दशः घेतलं. (आमच्यात मंडळी म्हणजे चर्चही आणि बायकोही. भाऊंच्या बाबतीत बायको जास्त कामाची ठरली.) मासळीचे दोन थर्माकोलचे खोके आणून तिने दाराशी तांबडी भाजी लावली. माती आणायला भाऊंनाच पिटाळलं.

याच सुमारास शेजारच्या रापणकाराच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, होडीचं इंजिन बंद पडलं. "पात्रांव, म्हजें इंजीन मातशें पळय मरे," माझं इंजिन जरा बघ रे, असं तो दोनदा सांगून गेला. भाऊ जाईनात. बार्जच्या इंजिनावर हात बसलेला माणूस होडीच्या त्या एवढ्याशा मोटरीला काय हात लावणार? मला हे सांगताना अपमान झाल्यासारखा चेहरा. मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंधन यायचं बारीक छिद्र, तुंबला होता. वायरीतली तांब्याची एक तार सोडवली, जेटमधून ओढली, फुंकर मारली, आणि इंजिन लागलं. संध्याकाळी दारात बांगडे आले. हे सांगताना ते दोन बोटांत ती तार धरल्यासारखं करत होते. एवढ्या सत्रांत त्यांचे हात मी पहिल्यांदाच हलताना पाहिले.

भाऊ बरे झाले, असं चटकन लिहून मोकळी होणार नाही. गोळ्या पुढे वर्षभर चालल्या. रविवारी दुपारी अजूनही जड जातं म्हणतात. पूर्वी बार्जवरची माणसं घरी जेवायला यायची तो वार. पण पुढे धक्क्यावरच्या होड्यांची कामं येत गेली, काही पैशाची, काही बांगड्यांची. प्रार्थनेत पूर्वी "प्रभू, माझा मार्ग दाखव" असायचं. आता शेजारच्या होडीचं नाव घेऊन, वादळाच्या दिवसांत ती सुखरूप येवो, असंही असतं. हे बायकोने सांगितलं, त्यांनी नाही.

मागच्या खेपेला आले ते तांबड्या भाजीची जुडी घेऊन. मी विचारलं, "काय भाऊ, योजना दिसली का?" ते म्हणाले, "तसं नाही सांगता येत, ताई." मग घड्याळ बघत उठले. उद्या पहाटे होडी निघायची होती आणि त्याआधी दोन प्लग बदलायचे राहिले होते.