लंगोट चार-चारदा धुते, तरी बाळाचं पुरळ जात नाही

बाळंतपणानंतर माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “कापडी लंगोट घरी धुतलेले खरंच स्वच्छ होतात का? त्यातून बाळाला इन्फेक्शन तर होणार नाही ना?” कुणाला फक्त धुण्याची पद्धत समजून घ्यायची असते. कुणाच्या मनात त्या प्रश्नाच्या खाली आणखी बरंच काही साठलेलं असतं. पाथर्डी फाट्याकडून आलेल्या एका आईच्या बाबतीत दोन्ही होतं, म्हणून तिची गोष्ट इथे सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचं होतं. बाळंतपण माहेरी, निफाडकडे झालेलं. नाशिकला सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत बाळाच्या जांघेत आणि ढुंगणावर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी मलम दिलं, पुरळ बसलं, पुन्हा उठलं. ती बोलत असताना माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याजवळची कातडी सोललेली. एकेक लंगोट ती तीन-चार वेळा धूत होती. आधी साबणाची वडी घासायची, मग पावडरमध्ये भिजवायची, मग शेवटच्या पाण्यात टोपणभर जंतुनाशक. वाळलेला लंगोट नाकाशी धरून वास घ्यायची आणि शंका आली की तो पुन्हा बादलीत. रात्री बाळ झोपलं की ही बाथरूममध्ये.

“माहेरी आई धूत होती तेव्हा काही झालं नाही, ताई. मी धुवायला लागले आणि झालं. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय ना?”

अशा वेळी “नाही गं, तुझं काही चुकत नाही” एवढं म्हणून पाठीवर हात ठेवणं सोपं असतं. पण असा दिलासा घरी पोचेपर्यंतही टिकत नाही, कारण बाळाचं पुरळ समोर दिसतच असतं. तिच्या काळजीत तथ्य होतं. धुण्यात काहीतरी बिघडलेलं होतंच, फक्त ते तिच्या निष्काळजीपणामुळे नव्हतं. म्हणून आधी कापडाचं कोडं सोडवायचं आणि मग मनाकडे वळायचं, असं मी ठरवलं.

पुरळ बुरशीचं नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांनी बघितलं आहे याची आधी खात्री करून घेतली. बुरशीचं पुरळ कातडीच्या घड्यांत लालभडक असतं आणि त्याच्या कडेने बारीक ठिपके पसरलेले असतात. त्याला औषध वेगळं लागतं. हिच्या बाळाचं तसं नव्हतं. कातडी चिडलेली होती, एवढंच.

मग मी तिला विचारलं, “निफाडला आणि इथे काय काय वेगळं आहे ते सांग. तू सोडून.”

ती सांगत गेली. माहेरी आजोबांच्या जुन्या धोतराचे आणि आईच्या सुती साड्यांचे एकपदरी लंगोट होते. आई ते लगेच पाण्यातून काढायची, अंगणात दोरीवर टाकायची, दुपारपर्यंत कडकडीत वाळायचे. इथे आल्यावर बाहेरून वॉटरप्रूफ आणि आत मायक्रोफायबरचा, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांचा पॅड असलेले तयार कापडी डायपर घेतले. सोसायटीत प्यायला महापालिकेचं पाणी, पण धुण्याभांड्याला बोअरचं. गॅलरी उत्तरेला, त्यात पावसाळा. आणि पुरळ उठल्यापासून साबण, पावडर, जंतुनाशक सगळंच वाढत गेलेलं.

पुढच्या भेटीला धुऊन वाळवलेला एक पॅड घेऊन ये म्हटलं. तिने आणला. मी त्यावर चमच्याने थोडं पाणी सोडलं. पाणी मुरायला हवं होतं, ते थेंबाथेंबाने वर तसंच बसून राहिलं. मग काचेच्या भांड्यात साधं फिल्टरचं पाणी घेऊन पॅड त्यात बुडवला आणि तिला चुरायला सांगितलं. बघता बघता पाणी दुधाळ झालं, कडेला फेस जमला. साबण आम्ही टाकलाच नव्हता. तो पॅडमधूनच येत होता. ती कितीतरी वेळ त्या भांड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे दिवसभर त्याच्या अंगाला लागत होतं?”

होतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाची वडी अशा पाण्यात नीट फेस देत नाही. तिचा चिकट साका होतो आणि तो धाग्यांना धरून बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो, आणि साका वाढतो. असं माखलेलं कापड शू शोषत नाही, ओल कातडीला लागून राहते. आत राहिलेले जिवाणू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून धुतलेल्या लंगोटात बाळाने शू केली की नाकाला झोंबणारा वास येतो. त्यात जंतुनाशकाचा अंश राहिला तर नाजूक कातडी आणखी चिडते. म्हणजे ती जितकी जास्त धूत होती, तितकं पुरळ वाढत होतं. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. त्याच दमात हेही सांगितलं की पाणी बदललं आहे, कापड बदललं आहे, ऊन गेलं आहे आणि तिला यातलं कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

आधी सगळे पॅड मोकळे करायचे ठरले. कोमट पाण्यात, साबण अजिबात न घालता, फेस येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळायचे. मग रोजची पद्धत. शू झालेला लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून पिळून जाळीच्या टोपलीत टाकायचा, पाण्यात भिजत ठेवायचा नाही. शी झालेली असेल तर संडासात जेटच्या पाण्याने धुऊन घ्यायची. पहिलं पाणी गारच हवं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. साठवायचं ते दिवसभराचं, फार तर दीड दिवसाचं. मग मशीनमध्ये एकदाच, पाकिटावर लिहिल्याएवढी पावडर टाकून. जास्त नको आणि भीतीने कमीही नको, कारण पावडर कमी पडली तर घाण निघत नाही. जड पाणी असेल तर चमचाभर धुण्याचा सोडा टाकायचा. हात फाटलेले असताना सोड्याला हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. कपडे मऊ आणि सुगंधी करणारं लिक्विड पूर्ण बंद, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. वडी, नीळ, जंतुनाशक, तीनही बंद. शेवटचं खळबळणं महापालिकेच्या पाण्यात, त्यासाठी सकाळी एक बादली भरून ठेवायची. नाशिकला गंगापूर धरणातून येणारं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ हलकं असतं, आणि साबण काढायला तेच पाणी उपयोगी पडतं.

सुती पॅड साठ अंश पाण्यात धुतले तर उत्तम. वॉटरप्रूफ कव्हरला मात्र चाळीसच्या वर नको आणि इस्त्री तर कधीच नको, त्याचा आतला थर सुटतो. मायक्रोफायबर थेट कातडीला लागू द्यायचा नाही, तो कातडीची ओलही ओढून घेतो. वर मलमलचा तुकडा घालायचा. मलम लावलं असेल तेव्हा तर तो हवाच, नाहीतर मलमाचा तेलकटपणा पॅडमध्ये उतरतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर पावसाळ्यात जुन्या सुती कापडाच्या घडीच्या लंगोटासारखं दुसरं काही नाही. उलगडून टाकला की पंख्याखाली वाळतो, थोडा दमट राहिला तर इस्त्री फिरवता येते. शिवलेले जाड पॅड दोन-दोन दिवस आतून ओले राहतात आणि कुबट वास धरतात.

पद्धत कळली, पण ती करायची कुणी, हा प्रश्न उरलाच होता. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्ट फिरती. घरात सासूबाई होत्या. “आईंना मशीनमध्ये लंगोट टाकलेले चालत नाहीत,” ती म्हणाली. मी दोघींना एकत्र बोलावलं.

सासूबाई आल्या त्या थोड्या सावध होऊनच. “देवाचं वस्त्र ज्या मशीनमध्ये धुतो त्यात शी-शूचं कसं टाकायचं, तुम्हीच सांगा. आमच्या वेळी दगडावर धुवायचो आणि उन्हात टाकायचो. पोरं वाढलीच ना?”

“वाढलीच, काकू,” मी म्हटलं. “आणि तुम्ही करत होता ते बरोबरच होतं. भरपूर पाणी आणि ऊन. आता ऊन नाही आणि हिच्या हातांत जोर उरलेला नाही. हात दाखव गं जरा आईंना.”

त्यांनी सुनेचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग त्या जे बोलल्या ते मला अपेक्षित नव्हतं. “मी धूतच होते हो सुरुवातीला. मी वाळत टाकलेले ही काढून परत धुवायची. मला वाटलं, हिला माझं धुतलेलं पटत नाही. मग मी हात लावणंच सोडलं.”

सुनेला हे माहीतच नव्हतं. आई मदत करत नाहीत, त्यांना माझी पद्धत आवडत नाही, असं ती महिनाभर मनात धरून बसली होती. दोघी एकाच घरात, एकाच बाळासाठी जीव टाकत होत्या आणि मध्ये ती बादली होती. अशा घरांत कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायला मी बसत नाही. कामाची वाटणी करायला बसते. मशीनचा तोडगा सासूबाईंनीच काढला. घरातले सगळे कपडे झाले की शेवटी लंगोट, आणि मग एकदा रिकामं मशीन पाण्याने फिरवायचं. देवाची वस्त्रं तशीही त्या हातानेच धुणार होत्या. वाळत घालणं आणि रात्री मशीन लावणं नवऱ्याकडे गेलं, ज्या आठवड्यात शिफ्ट जमेल त्या आठवड्यात.

रात्रीसाठी एक विकतचा डायपर वापरायला मी सुचवलं, तेव्हा ती कसनुशी झाली. “मग कापडी वापरून उपयोग काय?” उपयोग आहे. दिवसाचे कापडी म्हणजे कचरा आणि खर्च दोन्ही बरेच कमी होतात, आणि रात्री आई झोपते. चोवीस तास कापडीच वापरलं तरच चांगली आई, हा हिशेब कुठून आला कोण जाणे, पण तो मला अनेक घरांत भेटतो आणि दर वेळी मी तो मोडायचा प्रयत्न करते. वापरलेला डायपर मात्र कागदात नीट गुंडाळून, वेगळा ठेवून घंटागाडीत द्यायचा. घनकचऱ्याच्या नियमांतही तसंच सांगितलेलं आहे, आणि तो कचरा कुणीतरी हाताने उचलतं.

पुरळ ओसरायला लागलं. दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलणं आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवणं, यानेही फरक पडला. पण एका भेटीत तिने हळूच सांगितलं, “ताई, कळतंय सगळं. तरी वाळलेला लंगोट हातात घेतला की परत धुवावासा वाटतो.”

मनाकडे वळायची वेळ ही होती. कापडाचं उत्तर मिळूनही काळजी थांबत नव्हती. मी तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. बाळंत झालेल्या बायकांसाठी 1987 मध्ये तयार झालेले हे दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारणारे. उदासीची उत्तरं फार चिंता करण्यासारखी नव्हती. स्वतःला विनाकारण दोष देणं आणि कारण नसताना घाबरं होणं, या प्रश्नांपाशी मात्र तिची उत्तरं बोलकी होती. बाळाला इजा करण्याचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हे मी सरळ शब्दांत विचारलं. येत नव्हते. हे विचारायला कचरू नये. विचारल्याने असे विचार डोक्यात येत नाहीत. येत असतील तर सांगायची वाट मोकळी होते.

मग आम्ही एकच नियम केला. ठरलेल्या पद्धतीने धुतलेला लंगोट परत धुवायचा नाही. हुरहूर लागली तर घड्याळ बघून वीस मिनिटं थांबायचं, तोवर दुसरं काही करायचं. वास घेऊन बघायचा नाही आणि “स्वच्छ आहे ना?” असं नवऱ्याला विचारायचंही नाही. ही शेवटची अट तिला सगळ्यात जड गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी “हो, स्वच्छ आहे” म्हटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्यालाही मी हे समजावलं. त्याने उत्तर द्यायचं नाही, शेजारी बसायचं. सुरुवातीला वीस मिनिटं तिला संपता संपत नव्हती. हळूहळू ती सांगू लागली की मध्येच बाळ रडलं आणि लंगोटाचं विसरूनच गेले. तिची झोप वाढली, हातांच्या भेगा भरत आल्या. पुरळ नंतरही एकदा उठलं, पोट बिघडलं होतं तेव्हा. त्या वेळी तिने बाळाला डॉक्टरांकडे नेलं, बादलीकडे धावली नाही.

सगळ्यांचं एवढ्यावर भागतं असं नाही. पद्धत समजूनही धुणं थांबत नसेल, बाळ झोपलेलं असताना आईला झोप येत नसेल, बाळंतपणाला दोन आठवडे होऊन गेल्यावरही रोज रडू येत असेल, किंवा नको ते विचार डोक्यात घुसत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात, औषधांच्या धास्तीने जाणं टाळू नये. लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, दिवसरात्र कधीही करता येतो आणि मराठीत बोलता येतं. काय सांगायचं ते सुचलं नाही तर “बाळंतपण झालंय आणि मला धुणं थांबवता येत नाही” एवढं सांगितलं तरी पुढचं तेच विचारून घेतात.