सीताअशोकाची दोन नावे

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या सीताअशोकाच्या रोपाला ‘साराका अशोका’ अशी चिठ्ठी आहे, घरातल्या वनौषधींच्या जुन्या पुस्तकात मात्र ‘साराका इंडिका’ असे नाव छापले आहे. ही झाडे वेगळी आहेत काय? या फुलांना पाकळ्या नसतात, हेही खरे का?

उत्तर : झाड एकच आहे, पुस्तकातले नाव जुने आहे. ‘साराका’ ही शेंगवर्गीय कुळातली, दक्षिण व आग्नेय आशियात वाढणारी, जेमतेम डझनभर जातींची प्रजाती. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये ‘साराका इंडिका’ हे नाव दिले ते जावा बेटावरच्या झाडाला. त्या काळच्या युरोपीयांच्या लेखी पूर्वेकडचा सगळाच मुलूख ‘इंडिया’त मोडत असल्याने ‘इंडिका’ या शब्दावर फार विसंबू नये. आपल्याकडच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने संस्कृतज्ञ विल्यम जोन्सच्या स्मरणार्थ ‘जोनेसिया अशोका’ म्हटले होते. पुढे दोन्ही झाडे एकच समजली गेली आणि भारतीय अशोकावरही ‘इंडिका’चा शिक्का बसला. विसाव्या शतकात त्या जाती पुन्हा वेगळ्या मानल्या गेल्या, तेव्हा रॉक्सबर्गचा ‘अशोका’ हा शब्द परत आला.

पाकळ्यांबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. घोसातले एक फूल तोडून पाहा. देठाशी दोन रंगीत पानोळ्या, म्हणजे फुलाखालची छोटी पाने, दिसतात, त्यांनाच आपण निदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण, समजतो. खरा निदलपुंज म्हणजे त्यावरची बारीक नळी आणि तिच्या टोकाचे, पाकळ्यांसारखे भासणारे चार भाग. त्यांतून बहुधा सात लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. उमलताना पिवळट-नारिंगी असलेले फूल जुने होता होता लाल होते, म्हणून एकाच घोसात दोन-तीन रंग दिसतात. कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी असते. ‘ताम्रपल्लव’ हे अशोकाचे संस्कृत नाव ज्याने ठेवले, त्याची नजर बारीक होती.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगायला हवे. रस्त्याकडेला सरळ उंच वाढणारा, ज्याला सर्रास ‘अशोक’ म्हणतात, तो आसुपालव सीताफळाच्या कुळातला आहे. त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळली जाते, म्हणून औषधासाठी साल घेणाऱ्याने सावध असावे. झाड समोर असेल तर पान पाहावे : आसुपालवाचे पान एकेरी व नागमोडी कडांचे असते, तर अशोकाचे पान संयुक्त असून त्यावर पर्णिकांच्या जोड्या असतात.