काठ नाही, मध्यशिखर नाही, एवढ्यावरून कॅल्डेरा ठरत नाही

मंगळावरील ॲरेबिया टेरा प्रदेशातल्या सुमारे ५० किलोमीटर रुंदीच्या एका खळग्याला उंचावलेला काठ नाही, मध्यशिखर नाही, भोवती फेकल्या गेलेल्या मलब्याचा थर दिसत नाही आणि त्याची कडही वेडीवाकडी आहे. तेव्हा तो ज्वालामुखी खचून झालेला कॅल्डेरा आहे असे एम.एस्सी.च्या प्रबंधात लिहावे का, असे आपण विचारले आहे. प्रश्न वाचून मला माझे जुने दिवस आठवले. २०१४ साली त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या एका खळग्याविषयी मी जवळपास हीच वाक्ये लिहिली होती आणि त्यापायी सात महिने वाया घालवले होते.

आघातविवर, म्हणजे उल्का आदळून झालेला खळगा, कसे तयार होते आणि त्याला काठ, मध्यशिखर व मलबा का असतो हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून थेट चुकीकडे वळतो. आपण दिलेल्या चारपैकी तीन खुणा ‘नसण्याच्या’ आहेत. ॲरेबिया टेराचा पृष्ठभाग साडेतीन अब्ज वर्षांहून जुना आणि अतिशय झिजलेला आहे. एवढ्या काळात आघातविवराचाही काठ झिजतो, मलबा उडून जातो आणि मध्यशिखर गाळाखाली व धुळीखाली गाडले जाते. मी या नसण्यालाच पुरावा मानले आणि खोली मोजलीच नाही. शेवटी परीक्षकांनी खोली विचारली, तेव्हा ती जेमतेम चारशे मीटर निघाली. पन्नास किलोमीटर रुंदीचे ताजे आघातविवर मंगळावर दोन किलोमीटरांहून अधिक खोल असते. म्हणजे माझा खळगा बुजत आलेले जुने आघातविवर असण्याचीच शक्यता अधिक होती.

ॲरेबिया टेरामधलाच एडन पॅटेरा हा खळगा कॅल्डेरा असावा असा जो युक्तिवाद मायकल्स्की आणि ब्लीचर या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला, त्याचे बळ नेमके इथे आहे, आणि मी तो शोधनिबंध दोनदा वाचूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. तो खळगा सुमारे ५५ गुणिले ८५ किलोमीटरांचा असून जवळजवळ १.८ किलोमीटर खोल आहे. जी झीज काठ, मलबा आणि शिखर पुसून टाकते, तिने तळही भरून काढायला हवा होता. खोली शाबूत आणि बाकीच्या खुणा गायब, ही विसंगती आघाताने समजावून सांगता येत नाही. शिवाय तिथे ‘असण्याच्या’ खुणाही आहेत: एकमेकांना जोडलेले अनेक खोलगट भाग, कमानीसारखे वळलेले विभंग (खडक तुटून सरकल्याच्या रेषा) आणि लाव्हाच्या तलावाची पातळी उतरत गेल्याने राहिल्यासारख्या वाटणाऱ्या पायऱ्या. एवढे असूनही ते गृहीतकच आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

कडेच्या आकाराला मी सर्वांत कमी वजन देईन. हे माझे वैयक्तिक मत आहे. अगदी तिरक्या आघाताने लांबट विवर होते, आणि दोन विवरे एकमेकांवर आली की कड वेडीवाकडी होतेच. मंगळावरच्याच ऑलिम्पस मॉन्सच्या माथ्यावर एकात एक गुंतलेले सहा खळगे आहेत, पण तिथे खालचा प्रचंड ज्वालामुखी पर्वतच वाद मिटवतो. ॲरेबिया टेरामध्ये असा पर्वत नाही, म्हणून तिथे आकारावर विसंबणे धोक्याचे आहे.

खोली न मोजण्यामागे एक कारण असेही होते की आमच्या संस्थेच्या संगणक कक्षाने उंचीची माहिती साठवण्यासाठी जागा देण्याचा माझा अर्ज तीन महिने पडू दिला आणि विचारायला गेलो की दर वेळी नवा नमुना भरायला सांगितला. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरील लेझर उंचीमापकाची माहिती साऱ्या जगाला विनामूल्य उपलब्ध असताना एका विद्यार्थ्याला ती उघडताही येऊ नये, याचा मला आजही संताप येतो. तोपर्यंत मी केवळ छायाचित्रांवर काम करत राहिलो. त्यांत प्रकाश एकाच बाजूने पडलेला होता आणि उथळ खळगाही सावलीमुळे खोल भासत होता. आपण कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. ‘जेमार्स’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घरच्या साध्या संगणकावर चालते. त्यात खळग्याच्या आरपार निदान आठ दिशांनी उंचीचे छेद काढा. एका छेदावर विश्वास ठेवू नका.

आपल्या लोणारचे उदाहरण प्रस्तावनेत जरूर द्यावे, पण जपून. दख्खनच्या बेसाल्टमध्ये असल्यामुळे ते विवर ज्वालामुखीचे आहे असे अनेकांना वाटत होते, आणि १९७३ साली तिथल्या खडकांत आघाताच्या दाबाने बनलेली मॅस्केलिनाइट ही काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा आघाताला भक्कम आधार मिळाला. तो निवाडा हातात नमुना असल्यामुळे झाला. आपल्या खळग्याचा नमुना आपल्याजवळ नाही.

मी आता संशोधनात नाही, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मार्गदर्शकांचे मत माझ्या मताच्या वर ठेवावे. खोली पाच-सहाशे मीटरच निघाली, तर ‘कॅल्डेरा’ हा शब्द शीर्षकातून काढावा लागेल; नोंदणी झालेले शीर्षक बदलण्याची मुदत कधी संपते, हे मात्र आजच विचारून घ्या.