पीएच.डी.त बनवलेल्या वैद्यकीय उपकरणावर स्टार्टअप काढायचाय, सुरुवात कुठून करू?

कंपनीची नोंदणी सध्या बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की मधुमेही रुग्णांच्या तळपायाची संवेदना तपासणारं उपकरण तुम्ही पीएच.डी.त बनवलंय, गाइड कंपनी काढायला सांगतायत आणि पुढच्या महिन्यात परिषदेत त्याचं पोस्टर आहे. यातलं तातडीचं आहे ते पोस्टर. ते लावायच्या आत पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज दाखल झालाच पाहिजे.

आम्ही नेमकं उलट केलं होतं. माझं काम जखमेतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर होतं. पोस्टर लावलं, सारांश परिषदेच्या पुस्तिकेत छापून आला, सगळ्यांनी पाठ थोपटली. पेटंटचा अर्ज करेपर्यंत दीड वर्ष उलटलं. तपासणी अहवाल आला, तेव्हा शोधात नावीन्य नाही याचा पुरावा म्हणून आमचाच तो सारांश पुढे केलेला होता. मुख्य दावा सोडून द्यावा लागला. तीन वर्षांचं काम होतं हो ते.

आपल्या कायद्यात विद्वत्सभेत निबंध वाचल्यावर पेटंटचा अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. युरोपात तर तीही मिळत नाही. प्रोव्हिजनल अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात प्रयोग पुढे नेता येतात. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की तोही जाहीर झाला असंच धरतात, हेही ध्यानात ठेवा. आणखी एक: उपचाराच्या किंवा निदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही, उपकरणाला आहे. दावे त्या बेताने लिहून घ्या.

पेटंट बहुधा विद्यापीठाच्या नावावर राहील आणि तुमच्या कंपनीला ते परवान्यावर घ्यावं लागेल. रॉयल्टी किती, गाइडचा हिस्सा किती, हे संबंध गोड आहेत तोवरच लेखी करून घ्या.

मग वॉर्डात जा. आमचं यंत्र लॅबमध्ये झकास चालायचं. पहिल्याच दिवशी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी ते हातात घेतलं आणि सवयीने स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. दोन आठवड्यांत ॲक्रिलिकच्या झाकणाला बारीक तडे गेले. ग्लोव्ह्जवर टचस्क्रीन चालेना. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एका हातात रुग्णाचा पाय असतो, याला दोन हात कुठून आणू?" लॅबमधल्या आम्हा कुणालाही हे सुचलं नव्हतं. झाकण बदललं, एकच मोठं बटण ठेवलं, आणि तेव्हा कुठे ते वापरण्याजोगं झालं. तुमचं उपकरण तर ओपीडीच्या गर्दीत वापरायचं. एका रुग्णामागे किती वेळ मिळतो, ते घड्याळ लावून बघा. मोजमापं घ्यायची झाली तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागेल.

पैशाचं म्हणाल तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची बिग ग्रँट अशाच टप्प्यासाठी आहे, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटर या स्टार्टअपना आधार देणाऱ्या केंद्रात जाऊन बोला. आयआयटी मुंबईचं बेटिक हे केंद्र तर वैद्यकीय उपकरणांवरच काम करतं. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे तुमचं उपकरण ए (सर्वांत कमी जोखीम) ते डी (सर्वांत जास्त) यांपैकी कुठल्या वर्गात बसतं, तेही तिथे विचारा. पुढचा खर्च आणि वेळ बराचसा त्यावर ठरतो.

वेळ लागतो, पण होतं. आयआयटी मुंबईच्या लॅबमधून निघालेली इम्युनोॲक्ट कंपनी २०१८ची. तिच्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून वापरतात) मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३मध्ये. टाटा मेमोरियलचे डॉक्टर त्यांच्या जोडीला होते. तुम्हीही आत्तापासूनच एखादा मधुमेहतज्ज्ञ सोबत घ्या.

आणि उद्याच विद्यापीठाच्या आयपीआर सेलमध्ये, म्हणजे पेटंटचं काम बघणाऱ्या विभागात जा. पोस्टरची तारीख सांगा, मसुदा सोबत न्या. अर्ज क्रमांक हातात येईपर्यंत पोस्टर छपाईला देऊ नका.