मांजर बोलत का नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘फ्लो’ हा मांजराचा अ‍ॅनिमेशन सिनेमा चांगला आहे म्हणतात, पण त्यात एकही संवाद नाही. माझा ६ वर्षांचा मुलगा दोन मिनिटं गप्प राहत नाही. तो बसेल का? शिवाय ट्रेलरमध्ये प्राण्यांच्या अंगाचं काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं.

उत्तर : बसेल. चुळबुळ झालीच तर तुमची होईल. मी तो ७ वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. सिनेमात माणूस दिसतच नाही, म्हणून सुरुवातीला ती विचारत होती, “माणसं कुठे गेली?” आणि मी मोठ्या हौसेने उत्तरं देत होते, तीही मनाचीच. मग पुराचं पाणी चढत गेलं, मांजर त्या प्रचंड पुतळ्याच्या डोक्यावर जाऊन बसलं, आणि भाचीने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. पुढे तिनेच मला सांगितलं की लेमूर (माकडासारखा प्राणी) आरसा कुणाला देत नाही, कारण “तो त्याचा खजिना आहे.” संवाद असते तर हे एखाद्या पात्राने बोलून टाकलं असतं.

प्राणी प्राण्यांच्याच आवाजात बोलतात. कॅपिबाराचा (उंदराच्या जातीतला मोठा प्राणी) तेवढा आवाज उंटाच्या पिल्लाचा आहे.

अंगाबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कुत्र्याच्या अंगावर केस नाहीत, रंगाचे पट्टे आहेत. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसने हा सिनेमा छोट्या चमूला घेऊन ‘ब्लेंडर’वर केला. हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं. केसांचा हट्ट सोडून त्यांनी सगळा जीव चालीत ओतलाय. बिचकलेलं मांजर कान कसे पाडतं ते बघा, पट्टे विसराल. २०२५ मध्ये याच सिनेमाने ‘इनसाइड आउट २’ आणि ‘द वाइल्ड रोबॉट’ला मागे टाकून ऑस्कर नेलं.

एक सावधगिरी. उंच पायांच्या पक्ष्याला त्याचेच भाऊबंद जखमी करतात. तिथे शेजारी बसा, फोन बाजूला ठेवून.

प्रश्न : मुलांनी ‘स्पायडर-व्हर्स’ या स्पायडरमॅनच्या अ‍ॅनिमेशन सिनेमाचा पहिला भाग लावला. चित्र अडखळत होतं म्हणून मी दोनदा वायफाय बंद-चालू केलं. मुलं पोट धरून हसली. नक्की काय बिघडलं होतं?

उत्तर : काहीच नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं येतात. इथे माइल्सची, म्हणजे नव्या शिकाऊ स्पायडरमॅनची, एकच पोझ बहुतेकदा दोन-दोन चित्रांना धरून ठेवलीय, म्हणजे हालचाली १२च. जंगलात तो पीटर या जुन्या स्पायडरमॅनच्या मागून झोके घेतो तो प्रसंग पुन्हा लावा. पीटर सरसर जातो, माइल्स अडखळतो. एक मुरलेला, एक शिकाऊ, हे डोळ्यांना आपोआप कळतं.

२०१८मध्ये हा भाग आला, त्यानंतर मात्र अशा अडखळत्या हालचालींची साथच आली. ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’मध्ये मारामारीपुरतं ते वापरलंय आणि शोभलंय. पण जिथे पात्र नुसतं दार उघडतं तिथेही झटके द्यायचे म्हणजे फॅशन. तुमच्या वायफायवर संशय घेण्याचा हक्क तिथे अबाधित.

प्रश्न : ‘इनसाइड आउट २’ लेकीबरोबर बघायची फार इच्छा होती. त्यातली नायिका रायलीही १३ची, हीसुद्धा १३ची! पण “हे लहान मुलांचं असतं” म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. कसं पटवू?

उत्तर : पटवू नका, तुम्ही बघा. मधला भाग पसरट आहे. रायलीच्या डोक्यात पात्रं म्हणून वावरणाऱ्या नव्या भावनांची ओळख करून देता देता विनोदांची रांग लागते, आणि मला २०१५चा पहिला भागच जास्त आवडतो. पण शेवटाकडे हॉकीच्या सामन्यात रायलीला शिक्षा म्हणून बाकावर बसवतात. तिचा श्वास लागतो, आत अँग्झायटी, म्हणजे चिंता ही भावना, वादळासारखी गरगर फिरते आणि स्वतःच थिजते, डोळ्यात पाणी. इथे पार्श्वभूमीला विनोद नाही, उपदेश नाही. आवाज जरा मोठा ठेवा. बंद दारातून ऐकू जातं.